एलीयाला आधी भाकर मिळाली

संकटात सापडलेल्या माणसाला आपण मंडळीतली माणसं फार लवकर धीर देतो. कुणाच्या घरी मयत झालेली असते, कुणाचं ऑपरेशन ठरलेलं असतं, कुणाचं काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलेलं असतं. आपण जातो, सतरंजीवर टेकतो आणि चहा यायच्या आत ‘प्रभूची काहीतरी योजना असेल’ असं बोलून जातो. बोलणाऱ्याचं मन साफ असतं, यात शंका नाही. पण ऐकणारा नुसती मान हलवतो आणि आतून आणखी एकटा पडतो. हा लेख त्या मान हलवणाऱ्यासाठी आहे, आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्यासाठीही.

देव सोबत आहे असं आपण दर रविवारी म्हणतो. वाईट दिवसांत त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे सकाळी उठल्यापासून नेमकं काय करायचं, हे मात्र कुणी फारसं सांगत नाही. मला ते एलीयाच्या गोष्टीत सापडलं. पहिलं राजे, अध्याय १७ ते १९. पवित्र शास्त्रात दुःखाबद्दल पुष्कळ आहे. ईयोब आहे, विलापगीत आहे, स्तोत्रं आहेत. तरी लातूर-नांदेडच्या माणसाच्या हातात आधी एलीया द्यावा असं मला वाटतं. या गोष्टीत दुष्काळ आहे, आटलेला ओढा आहे, तळाला गेलेलं पीठ आहे, भूकंप आहे आणि जगणं नकोसं झालेला माणूस आहे. यातलं काहीच आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

करीथ ओढ्याकाठी जाऊन राहायला एलीयाला देवानंच सांगितलं होतं. तो गेला, ओढ्याचं पाणी पिऊन राहिला, आणि देशात पाऊस नसल्यामुळे काही दिवसांनी तोच ओढा आटला. उपदेशात या जागेवर सहसा कुणी थांबत नाही, लगेच पुढच्या चमत्काराकडे जातात. थांबायला हवं ते इथंच. एलीयानं पाप केलं म्हणून ओढा आटला असं शास्त्र सांगत नाही. त्याचा विश्वास कमी पडला असंही म्हणत नाही. देवानं दाखवलेल्या जागी, देवाच्या सांगण्यावरून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाणी संपलं. ‘मी नियमानं प्रार्थना करतो, दशांश देतो, मग माझ्याच बोअरला पाणी का लागत नाही’ असं ज्यांच्या मनात येतं, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा. पाणी संपणं म्हणजे देवानं टाकून देणं, हे समीकरण शास्त्रानं मांडलेलं नाही. ते आपण मांडतो.

लातूरनं २०१६ साली आपला करीथ पाहिला. मांजरा धरण कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेची पहिली खेप आली, १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. पुढे ५० वाघिणींच्या, २५ लाख लिटरच्या खेपा सुरू झाल्या. पावसासाठी प्रार्थना तर सगळ्यांनीच केल्या होत्या, आणि पाऊस आला तो पावसाळ्यातच. मग त्या उन्हाळ्यातल्या प्रार्थना वाया गेल्या का? मला तसं वाटत नाही. पाणी आलं, फक्त आपण आभाळाकडे बघत होतो आणि ते रुळांवरून आलं. तीनशेहून जास्त किलोमीटरवरून, कृष्णेचं, आपली नावंगावं माहीत नसलेल्या माणसांनी भरून पाठवलेलं.

एलीयाचंही असंच झालं. आटलेला ओढा देवानं पुन्हा भरला नाही. त्याला सारफथला पाठवलं, परमुलखात, त्याच्या धर्माची नसलेल्या एका विधवेच्या दारी. तिच्याकडे मूठभर पीठ आणि थोडं तेल उरलं होतं. यातून पहिली व्यवहाराची गोष्ट घ्यायची ती अशी, की मदत कुणाच्या हातून यावी याची अट घालू नका. नांदेडला पेशंटजवळ दिवसेंदिवस राहावं लागलेल्या माणसाला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवण मिळतं, कुणी जात-धर्म विचारत नाही. शेजारच्या काकू डबा देतात, मोंढ्यातला अडत्या पैशासाठी थांबायला तयार होतो. ‘आपल्या मंडळीतलं कुणी आलं नाही’ या दुःखात ही माणसं आपल्याला दिसत नाहीत. देवाची सोबत चर्चच्याच दारातून येईल असं त्यानं कधी सांगितलेलं नाही. देवानं एलीयाला कावळ्यांकडूनही खाऊ घातलं आहे.

दुसरी गोष्ट त्या पिठाची. पीठ संपलं नाही आणि तेल आटलं नाही, एवढंच गोष्टीत आहे. मडकं काठोकाठ भरलं असं कुठेही नाही. रोज तळाशी उद्यापुरतं उरत गेलं. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर आजची मागितलेली आहे, वर्षभराची नाही. आजारपण लांबलं, कर्ज अंगावर आलं, की आपण पुढच्या पाच वर्षांचं दुःख आजच एका रात्रीत सोसायला बसतो. तेवढं बळ कुणालाच मिळत नाही, कारण तेवढं द्यायचं वचनच नाही. म्हणून वाईट काळात विश्वासाचं माप एका दिवसाचं ठेवा. रात्री दिवा मालवण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, आज काय पुरलं? औषधाचे पैसे पुरले. पोरगं शाळेत गेलं. दुपारी तासभर झोप लागली. ‘धन्यवाद’ म्हणण्याइतकं मन तयार नसेल तर म्हणू नका; नुसतं पाहा. काही दिवसांनी मन आपणहून म्हणू लागतं.

आता अध्याय १९, आणि या लेखाचं मूळ. कर्मेल डोंगरावर एलीयाचा मोठा विजय झाला होता, दुष्काळ सरला होता, पाऊस पडला होता. त्यानंतर तो कोसळला. ईजबेल राणीनं जिवे मारण्याचा निरोप पाठवला, तो पळाला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाकडे मरण मागितलं. अशी माणसं आपण पाहिलेली आहेत. नवऱ्याच्या आजारपणात वर्षभर खंबीर राहिलेली बाई, माती झाल्यावर, पाहुणे परतल्यावर अंथरूण धरते. संकट चालू असतं तोवर शरीर ओढत नेतं. सरलं की हिशेब मागतं.

देवानं काय केलं ते नीट बघा. तो रागावला नाही. ‘एवढे चमत्कार पाहिलेस आणि असं बोलतोस?’ असं म्हणाला नाही. त्यानं दूत पाठवला. दूतानं झोपलेल्या एलीयाला हात लावून उठवलं, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दाखवलं आणि खायला सांगितलं. एलीयानं खाल्लं आणि तो पुन्हा झोपला. दूतानंही त्याला झोपू दिलं. मग दुसऱ्यांदा उठवलं, पुन्हा खाऊ घातलं. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेब डोंगरावर पोचल्यावर. आधी भाकर, पाणी, झोप. शब्द नंतर.

हा क्रम आपण उलटा केला आहे. एका घरी झालेली प्रार्थनासभा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मुलगा आयसीयूत होता, आई दोन रात्री दवाखान्यात काढून कपडे बदलायला घरी आली होती, आणि मंडळी जमली होती. एकामागून एक मोठ्यानं प्रार्थना चालल्या होत्या. आई भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती, आणि ती प्रार्थनेत आहे असंच सगळ्यांना वाटत होतं. महिला मंडळातल्या एक म्हाताऱ्या बाई मधूनच उठल्या, आत गेल्या. परातीत पीठ मळल्याचा, मग भाकरी थापल्याचा आवाज बाहेर येऊ लागला. काही जणांच्या कपाळाला आठ्याही पडल्या. त्या बाई ज्वारीची भाकरी आणि वाटीत पातळ पिठलं घेऊन बाहेर आल्या, आईच्या शेजारी बसल्या आणि ‘आधी दोन घास खा गं माय’ म्हणाल्या. आईनं खाल्लं आणि तिथंच आडवी झाली. त्या बाईंनी हातानंच सगळ्यांना खूण केली, आता पुरे. त्या दिवशी त्या घरात दूताचं काम कुणी केलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

तेव्हा तुम्ही स्वतः त्या झुडपाखाली बसलेले असाल तर पहिले काही दिवस मोठ्या आध्यात्मिक गोष्टी अंगावर घेऊ नका. उपास तर मुळीच नको. वेळेवर थोडं खा, झोप लागत नसेल तर डॉक्टरांना सांगा, अंघोळ चुकवू नका, कुणीतरी सोबत असू द्या. प्रार्थनेला शब्द फुटत नसतील तर दुसऱ्याचे शब्द उसने घ्या. ‘उपासना संगीत’ उघडून लहानपणापासून पाठ असलेलं एखादं गीत नुसतं वाचा. तेही होत नसेल तर चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा आणि इतरांना म्हणू द्या. त्या दिवसांत तुमचा विश्वास मंडळीनं तुमच्यासाठी धरून ठेवायचा असतो, मंडळी असते ती त्यासाठीच.

इथं एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण आपला भाग मराठवाडा आहे. नापिकी, कर्ज, बुडालेलं पीक, आणि त्यापायी घरातला माणूस गेला, ही बातमी आपण इतक्या वेळा वाचली आहे की डोळे पुढच्या बातमीवर सरकतात. ख्रिस्ती घरं यातून सुटलेली नाहीत. मंडळीत कुणी ‘आता जगावंसं वाटत नाही’ असं म्हणालं तर ‘असं बोलणं पाप आहे’ म्हणून त्याचं तोंड बंद करू नका. एलीया बोलला, मोशे बोलला, योना बोलला. शास्त्रानं त्यांचे शब्द झाकले नाहीत. सरळ विचारा. किती दिवसांपासून असं वाटतं? जीव द्यायचा विचार येतो का? काही ठरवलं आहे का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका. घरातलं किंवा आखाड्यावरचं कीटकनाशक उचलून दुसऱ्याच्या घरी, कुलपात ठेवा. हे काम त्याच दिवशी करा, उद्यावर टाकू नका. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. कुणी काही करून घेतलंच असेल तर पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखाली असलेला मानलं आहे.

तसंच औषधांचं. आरोग्यसभेत प्रार्थना झाली म्हणून कुणी इन्शुलिन थांबवतं, कुणी टीबीच्या गोळ्या, कुणी मनाच्या आजाराच्या. ‘गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी’ असं जो सांगतो, तो शास्त्राबाहेरचं सांगतो. याकोबानं आजाऱ्यासाठी वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलं आहे. वैद्य सोडायला सांगितलेलं नाही. पौलाचा जिवलग सोबती लूक स्वतः वैद्य होता. प्रार्थना करा, मनापासून करा, आणि गोळी वेळेवर घ्या.

पोटात अन्न आणि डोळ्यांत झोप गेल्यावर बोलायची वेळ येते. होरेबावर देवानं एलीयाला विचारलं की तू इथं काय करतोस. एलीयानं सगळी तक्रार ओतली: मी तुझ्यासाठी एवढं केलं, सगळे उलटले, मी एकटा उरलो. देवानं ऐकून घेतलं. पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि एलीयानं तीच तक्रार पुन्हा, जवळजवळ शब्दाला शब्द, ऐकवली. देवानं ती दुसऱ्यांदाही ऐकली. दुःखी माणूस तेच तेच बोलतो. आपण कंटाळतो, देव कंटाळत नाही.

म्हणून तक्रारीची प्रार्थना करायला शिका. आपल्याला ती कुणी शिकवत नाही, आणि साक्ष द्यायला उभं राहिलं की ‘प्रभूच्या कृपेनं सगळं ठीक आहे’ म्हणायची सवय लागलेली असते. स्तोत्र १३ काढा. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला अजून किती दिवस, असं चार वेळा विचारतो. स्तोत्र ८८ काढा. त्यात शेवटच्या ओळीपर्यंत उजेड येत नाही, तरी ते देवाच्या ग्रंथात आहे. एखाद्या संध्याकाळी दार लावून घ्या आणि जे आहे ते मोठ्यानं सांगा. राग असेल तर राग सांगा. ‘तू कुठे होतास’ असं विचारायचं असेल तर विचारा. तोंडावर बोलणारं लेकरू बापापासून दूर गेलेलं नसतं. लिहायला जमत असेल तर वहीत लिहा, आणि खाली तारीख घाला. तक्रारीतून लगेच समाधानावर उडी मारू नका. जिथं थांबावंसं वाटेल तिथं थांबा, आमेन म्हणा, झोपा. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

आणि मग भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, माणसं दमून झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत काही सेकंदांत जवळपास १०,००० माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांच्यापैकी बरेच जण अजून आपल्यात आहेत, आणि त्यांच्यासमोर या विषयावर बोलताना जपून बोलावं.

त्या वेळी, आणि प्रत्येक मोठ्या संकटात, एक बोलणं उठतं: पाप वाढलं होतं म्हणून देवानं शिक्षा केली. ख्रिस्ती माणसाच्या तोंडी हे वाक्य येता कामा नये, कारण प्रभूनं स्वतः ते खोडून काढलं आहे. लूक, अध्याय १३. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली होती. ती बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजता काय, असं विचारून प्रभूनंच नाही म्हणून सांगितलं. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तिथंही प्रभू दोन्ही नाकारतो. किल्लारीत माणसं मेली ती दगडमातीच्या जाडजूड भिंतींखाली आणि माळवदाच्या मातीच्या ओझ्याखाली. दख्खनचं पठार स्थिर आहे असं मानलं जात होतं, त्यामुळे धक्का सोसतील अशी घरं बांधायची गरज कुणाला वाटली नव्हती. कारण शोधायचं तर ते इथं शोधा, म्हणजे पुढची भिंत तरी नीट बांधली जाईल. मेलेल्या लेकराच्या आईच्या वागण्यात ते शोधणं हा अत्याचार आहे.

होरेबावर एलीयासमोर डोंगर फोडणारा वारा सुटला, मग भूकंप झाला, मग आग पेटली. या तिन्हींत परमेश्वर सापडला नाही, असं शास्त्र एकेक करून सांगतं. सगळं शांत झाल्यावर एक अगदी मंद आवाज आला, आणि तो ऐकून एलीयानं तोंडावर झगा ओढून घेतला. किल्लारीच्या मुलखात राहणाऱ्या विश्वासणाऱ्यानं ही वचनं काळजावर कोरून ठेवावीत असं मला फार वाटतं. देव कुठे होता, या प्रश्नाचं उत्तर भूकंपात शोधायचं नसतं. ते नंतर हळूहळू ऐकू येतं. ढिगारे उपसणाऱ्या हातांत. भारतीय जैन संघटनेनं पुण्याला नेऊन शिकवलेल्या सुमारे १,२०० मुलांमध्ये. रात्रभर मढ्यापाशी बसून राहिलेल्या अनोळखी माणसात. हा आवाज मोठा नसतो, म्हणून गोंगाट करणाऱ्याला तो ऐकू येत नाही.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो टाळून विश्वासाबद्दल लिहिणं मला खोटं वाटतं. प्रार्थना केली आणि माणूस वाचला नाही, मग काय? गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, आणि तो टळला नाही. पौलानं शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा मागणं केलं, काटा निघाला नाही. वधस्तंभावर येशूनं देवानं आपल्याला का सोडलं असा आक्रोश केला, तोही बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत, म्हणजे लहानपणापासून पाठ असलेल्या प्रार्थनेत. आपल्या विश्वासाचा पाया तिथं आहे. ज्या देवाकडे आपण धावतो त्याला सोडून दिलं जाणं म्हणजे काय हे अंगानं माहीत आहे. मागितलेलं न मिळणं हा तुमच्या प्रार्थनेतला दोष नाही. ‘विश्वास कमी पडला म्हणून बाळ गेलं’ असं कुणी म्हणालं तर ते बोलणं घराबाहेर ठेवा, आणि बोलणारा ऐकणार असेल तर त्याला गेथशेमाने वाचायला सांगा.

पंडिता रमाबाईंकडे मी अशा वेळी वळतो. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात पायी भटकताना त्यांचे वडील गेले, पाठोपाठ आई, मग मोठी बहीण. १८८० ला भाऊ गेला. १८८२ ला नवरा पटकीनं गेला, तेव्हा मुलगी मनोरमा तान्ही होती. उपासमार काय असते हे त्यांच्या अंगाला माहीत होतं, म्हणून १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या आणि निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. मनोरमा त्यांच्या कामाचा उजवा हात झाली; आपल्या तेव्हाच्या निजामी मुलखात, गुलबर्ग्याला, १९१२ साली शाळा सुरू झाली ती तिच्या मदतीनं. २४ जुलै १९२१ ला मनोरमाही गेली. रमाबाई तेव्हा म्हाताऱ्या होत्या, ऐकू कमी येत होतं, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून साऱ्या बायबलच्या मराठी भाषांतराचं काम हातात होतं. ते त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, आणि १९२४ ला ते बायबल छापून आलं. एकुलती एक लेक गेल्यावरही देव आहे हे त्यांनी वाद घालून सिद्ध केलं नाही. रोज त्याच्या शब्दांपाशी जाऊन बसल्या.

म्हणून शक्ती थोडी परतली की हातात एखादं छोटं, रोजचं, दुसऱ्याच्या उपयोगाचं काम घ्या. संडे स्कूलच्या चार मुलांना गोष्ट सांगणं, चर्चच्या अंगणातल्या झाडांना पाणी घालणं, आपल्यासारख्याच दुखावलेल्या एखाद्याला आठवड्यातून एकदा फोन करणं. एलीयालाही देवानं शेवटी काम दिलं आणि परत पाठवलं, पण एकट्यानं नाही. अलीशाचं नाव दिलं, सोबतीला. आणि ‘मी एकटाच उरलो’ या त्याच्या दोनदा केलेल्या तक्रारीला आकड्यात उत्तर दिलं: इस्राएलात अजून ७,००० आहेत.

आपल्या दोन जिल्ह्यांत ख्रिस्ती माणसं शंभरात एकही भरत नाहीत. उदगीर, लातूर, नांदेडसारख्या गावांत मंडळी तरी आहे. खेड्यात एखाददुसरंच घर असतं, आणि संकटात ते घर खरंच एकटं पडतं. तिथं सात हजारांची आठवण तोंडानं देऊन भागत नाही. मंडळीनं माणूस पाठवायला हवा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातल्या गावांत रात्रीत पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. अशा वेळी प्रार्थनेच्या चिठ्ठीबरोबर तलाठ्याकडे सोबत जाणारा, पंचनाम्यात नाव आहे का ते बघणारा, बँकेच्या रांगेत उभा राहणारा माणूस लागतो. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तेवढं त्यांनी बरोबर केलं. बिघडवलं ते तोंड उघडल्यावर. तेव्हा भेटायला गेल्यावर कमी बोला. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका, बुडालेला माणूस सांगत नाही. ‘मी मंगळवारी येतो, दवाखान्यात मी बसतो, तुम्ही घरी जाऊन झोपा’ असं सांगा, आणि मंगळवारी जा.

गर्दी पहिल्या आठवड्यात असते. खरा काळोख तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पडतो, आणि मग वर्षाची तारीख येते तेव्हा. पाळकांनी आणि वडील मंडळींनी एक वही ठेवावी. मंडळीत कुणाचं माणूस कधी गेलं, कुणाचं ऑपरेशन कधी झालं, कुणाचं पीक कधी बुडालं, याच्या तारखा त्यात असाव्यात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भक्ती सुटल्यावर ती उघडावी, त्या महिन्यात कुणाकडे जायचं ते ठरवावं, कोण जाणार त्याचं नाव समोर लिहावं. जाताना घरी शिजवलेलं काहीतरी न्यावं.